कचारगडची मोजणी

साकोली तालुक्यातल्या आमच्या गावाला नदी नाही, तलाव आहे. आम्ही कोहळी. तलाव बांधायचे, पाळ राखायची, ऊस आणि धान पिकवायचं, हे घराण्याचं काम. माझे आजोबा पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन पाळीवरून फिरायचे. पाणी वाढल्याची त्यांना फारशी काळजी नसे. जास्त झालं तर सांडव्यावरून जाईल, म्हणायचे. त्यांना धाक होता खेकड्याचा. खेकडा पाळीत बीळ करतो, बिळातून पाणी झिरपू लागतं, आधी करंगळीएवढं, मग मनगटाएवढं, आणि पहाटेपर्यंत पाळ फुटलेली असते. बीळ दिसलं की आजोबा तिथंच उकिडवे बसायचे, कोपरापर्यंत हात आत घालून ते कुठल्या बाजूला वळतंय ते पाहायचे आणि चिकणमाती ठोकून ठोकून बुजवायचे. जमिनीत भोक दिसलं की ते बुजवायचं असतं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो.

कचारगडच्या गुहेबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात जे आलं त्याचं मूळ बहुधा तिथंच असावं. डोंगराच्या पोटात एवढी मोठी पोकळी आहे आणि ती कुणी बुजवलेली नाही, कुणी मोजलेलीही नाही, या कल्पनेनं मला झोप येईना.

सांगणारा माझा कॉलेजमधला सोबती होता, सालेकसा भागातला गोंड मुलगा. त्या वेळी भंडारा जिल्हा एकच होता. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे नागझिरा आमचा, नवेगावबांध आमचा, आणि पार आजच्या छत्तीसगडच्या सीमेवरचा दरेकसाचा डोंगरही आमचाच. इंग्रजांच्या काळात या मुलखाला नागपूरकडचा तलावांचा प्रदेश म्हणत. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि तो पाटीलही आता कोलासूर देव होऊन बसला आहे. आमच्या घरात त्याचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येई. मी सोबत्याला मोठ्या अभिमानानं हे सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या देवानं तलाव बांधला. आमची माणसं डोंगरातून बाहेर आली. एकदा जाऊन ये. पण धनेगावात थांबजो, तिथं कोनाला तरी संग घेजो."

सुरुवातीचं बोलणं मी विसरलो नाही. शेवटचं विसरलो.

१९९० च्या डिसेंबरात आम्ही चौघं निघालो. मी, वर्गातले दोन मित्र आणि माझा आतेभाऊ. आतेभाऊ पंधरा वर्षांचा, त्याला न्यायचं ठरलंच नव्हतं. तो सौंदडच्या स्टेशनापर्यंत सायकलनं मागे मागे आला आणि मला परतवता आलं नाही. घरी 'नवेगावला जातो' असं सांगितलं होतं. दरेकसाच्या डोंगरांत तेव्हा नक्षल्यांच्या दलमचा वावर होता, खरं सांगितलं असतं तर बाबूजींनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. सौंदडहून छोट्या गाडीनं गोंदिया, रात्र प्लॅटफॉर्मवर, आणि पहाटे डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर. आमगाव गेलं, सालेकसा गेलं. तोवर दोन्ही बाजूंना धानाच्या रिकाम्या बांध्या आणि त्यांत लाखोरीची हिरवी पोपटी साय. मग डोंगर एकदम रुळांजवळ सरकले. ज्या मुलखात टेकडीही लांबून पाहायची सवय, तिथल्या पोराला ते डोंगर फार मोठे वाटले.

आमच्याकडे होतं काय? दोन टॉर्च, त्यातली एक घरातली जुनी; मेणबत्त्या; मुरमुरे, गूळ आणि तांदळाच्या भाकरी; आणि सुतळीचा गोळा. धानाची पोती शिवायची ती सुतळी. दर दहा हातांवर मी गाठ मारली होती. एक टोक गुहेच्या दाराशी बांधायचं, दुसरं हातात धरून आत जायचं, आणि परतताना गाठी मोजायच्या. गुहेची लांबी मोजून आणणारे आपण पहिले, असा तो बेत होता. वहीसुद्धा नवी घेतली होती.

धनेगाव लागलं. कुणाच्या तरी अंगणात धान उफणणं चाललं होतं. एका बाईनं विचारलं, "गुफा पाहाले चालले का?" आम्ही हो म्हटलं आणि पुढे झालो. थांबलो नाही. सकाळची वेळ हातची जाईल एवढंच डोक्यात होतं.

वाट साजा, धावडा आणि बांबूच्या रानातून वर चढत जाते. पायथ्याशी काली कंकाली मातेचं ठाणं आहे, तिथं आम्ही हात जोडले. पुढे चढ अंगावर येतो. खडक हाताला लागतो तो आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणासारखा नाही. पुढे कधीतरी भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी मला समजावून सांगितलं. या भागातला ज्वालामुखी खडक 'बिजली रायोलाइट' म्हणून ओळखला जातो, जवळच्याच बिजली गावावरून पडलेलं नाव. त्याचं वय जवळपास अडीचशे कोटी वर्षं. अजिंठ्याची लेणी ज्या खडकात खोदली तो साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे कालचं पोर. मेघालयात चुनखडीत पाणी मुरून गुहा होतात, तिथं छतापासून दगडी लोंब्या लोंबतात. इथं मला तसलं काही दिसलं नाही. कठीण खडक, त्याच्या भेगा, भेगांतून युगानुयुगे उतरणारं पाणी आणि सुटून पडलेल्या शिळा. दुर्गात, मंदिरात, लेण्यात असते तशी छिन्नीची एकही खूण नाही.

आणि मग झाडी संपते आणि समोर डोंगरानं तोंड उघडलेलं असतं.

मी तोवर पाहिलेली सर्वांत मोठी बांधलेली जागा म्हणजे नागपूरचं रेल्वे स्टेशन. आत पाऊल टाकल्यावर आधी त्याचीच आठवण झाली, आणि पुढच्या क्षणी ती आठवण छोटी पडली. छत एवढं वर की तिथं घिरट्या घालणारे पक्षी भुंग्याएवढे दिसत होते. वरच्या एका मोकळ्या जागेतून उन्हाचा पट्टा तिरपा खाली येत होता, त्यात धुळीचे कण संथ तरंगत होते, आणि तो पट्टा जिथं जमिनीला टेकला होता तेवढ्याच जागी चार पानांचं एक रोप उगवलेलं होतं. बाकी सगळीकडे थंडावा, ओल आणि वटवाघळांचा उग्र वास. कडेच्या खडकाला आग्या माश्यांची पोळी लटकत होती. मित्रानं हळूच सांगितलं, "ओरडू नका." तेवढं मात्र चौघांनीही पाळलं, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

मी सुतळीचं टोक एका शिळेला बांधलं. मोठ्या दालनाच्या आतल्या बाजूला खडकांचा ढीग होता आणि त्याच्या पाठीमागे एक अरुंद फट. तिथून पुढे वाकून, मग गुडघ्यांवर. हाताखालची जमीन मऊ लागत होती, धानाच्या कोंड्यासारखी. ती वटवाघळांची विष्ठा आहे हे कळायला वेळ लागला नाही. एक गाठ, दोन, तीन. चौथ्या गाठीनंतर जुनी टॉर्च मंदावली. सहाव्या गाठीशी सुतळी हातातून ओढली गेली आणि एकदम सैल पडली. कुठल्यातरी धारेवर घासून तुटली होती. मी म्हटलं, परत फिरू. पुढे मी, मागे एक मित्र, त्याच्या मागे दुसरा, शेवटी आतेभाऊ, असा क्रम माझ्या मनात होता. फटीतून सरपटत बाहेर आलो, कपडे झटकले, चांगल्या टॉर्चनं हात-पाय पाहिले. सुटलो असं वाटलं.

दालनात एक म्हातारा उभा होता. डोक्याला पंचा, खांद्यावर टांगी, हातात बांबूची काठी. धनेगावातल्या त्या बाईनं पाठवला होता त्याला. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि राम राम, कोण, कुठले, काहीच विचारलं नाही. काठीनं एकेकाकडे दाखवत मोजलं. एक. दोन. तीन.

"चवथा कोठी आहे?"

तो क्षण मला आजही नीट सांगता येत नाही. आपण मागे वळून पाहिलं नव्हतं, एवढंच कळलं. पोटातून काहीतरी थेट पायांत उतरलं. पाळ फुटल्यावर आजोबा कसे दिसत असतील, ते त्या वेळी मला माझ्या अंगावरून समजलं.

मी फटीकडे धावलो आणि त्याच्या नावानं हाक मारणार, तोच म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. "नावानं बोलवू नोको. येथी आवाज चारही भिताडावरून येते. पोरगा भलतीकडे जाईल." मी टॉर्च फटीत रोखली. तीही त्यानं खाली करायला लावली. "दिवे विझवा. सप्पा विझवा."

मला वाटलं, म्हातारा वेडा आहे. आत अंधारात पोरगा, आणि हा उजेड विझवायला सांगतो! पण त्याच्या आवाजात असं काही होतं की आम्ही विझवले. मेणबत्तीसुद्धा. "आता बसा," तो म्हणाला. आम्ही फटीच्या तोंडाशी, पण बाजूला सरकून बसलो, म्हणजे मधली वाट मोकळी राहील. तो स्वतः काठीचं टोक खडकावर आपटत राहिला. जोरात नाही. टक्, टक्, टक्. ढेंकीवर धान कांडताना पडतो तसा, एकसारखा.

हळूहळू मला दिसू लागलं. वरून येणारा उन्हाचा पट्टा, त्याचा दालनभर पसरलेला राखाडी उजेड, आणि त्या उजेडाची अगदी फिकट धार फटीच्या आत खडकाच्या कडेला लागलेली. टॉर्च पेटलेली असताना ती धार दिसतच नव्हती. आतल्याला तर नाहीच. आतून पाहणाऱ्याला आमची टॉर्च म्हणजे डोळे दिपवणारा एक ठिपका, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, खडकांवर आपटून दहा ठिकाणी चमकणारा. विझवल्यावर त्याच्यासाठी एकच गोष्ट उरली: बाहेरचा दिवस जिकडून येतो ती बाजू.

किती वेळ गेला? एक मित्र म्हणतो दहा मिनिटं, दुसरा म्हणतो अर्धा तास. आधी खडे सरकल्याचा आवाज आला. मग श्वास. मग राखाडी धारेत एक हात आला, कोंड्यानं माखलेला, त्याच्या मागे डोकं. आतेभाऊ बाहेर आला आणि म्हाताऱ्यानं काठी खाली ठेवली.

"चार," तो म्हणाला.

पोरगा परत फिरताना एका आडव्या खबदाडात वळला होता. मग टॉर्चचा उजेड दिसेना, सुतळी तुटलेली. 'ओरडू नका' असं बजावलेलं, माश्या उठतील म्हणून तो ओरडलाही नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला. "मला वाटलं तुम्ही मोजाल," एवढंच तो म्हणाला. रडला तो गाडीत बसल्यावर.

त्या दिवशी म्हाताऱ्यानं आम्हाला घरी नेलं, पेज प्यायला दिली, आणि बोलला फार थोडं. मी पैसे पुढे केले तर त्यानं हात मागे घेतला. माझी नवी वही अंगणात खाटेवर पडली होती. त्यानं ती उचलून पाहिली, पहिल्या पानावर मी आदल्या रात्री ठळक अक्षरांत 'कचारगड गुहा : लांबी' असं लिहून पुढे जागा सोडली होती. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, मी सांगितलं. मग तो म्हणाला, "अंदर किती आहे, ते कोनी नाही इचारत बापू. बाहीर किती आले ते इचारतेत."

ते वाक्य पुरतं कळायला मला वाचन करावं लागलं. गोंडांच्या कोया पुनेम धर्मातली कथा अशी: काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली, दाराशी शिळा लागली. रायताड जंगोचा जीव त्यांच्यात गुंतलेला. धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगोनं त्यांच्या सुटकेसाठी हिरासुका पाटारीला सोबत घेतलं. हिरासुकानं बाहेर बसून किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा सरकली, मुलं बाहेर आली, आणि घरंगळलेल्या त्याच शिळेखाली हिरासुका गेला. हीच कथा वेगळ्या रूपात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंड गायकांकडून टिपून ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी ती छापली. तिथं महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर सोळा हात लांबीची शिळा लावतो. चौघं तेवढे निसटून काचीकोपा लाहूगडला पळतात. कचारगडचं नाव अनेक जण त्या काचीकोपाशी जोडतात. दोन्ही कथांत गुहा आतून कशी आहे याचं वर्णन जवळजवळ नाहीच. सगळा जीव दाराशी आहे, शिळेशी, बाहेर येण्याशी. हिस्लॉपच्या पानावर 'चौघं निसटले' हे वाचताना माझा श्वास अडकला होता, हे इथं नोंदवून ठेवतो.

आम्ही गेलो तेव्हा कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. १९८४ च्या सुमारास मोतीरावण कंगाली, सुन्हेरसिंह ताराम अशा मोजक्या मंडळींनी या जागेकडे समाजाला पुन्हा वळवलं. कंगाली नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि उरलेला सगळा वेळ गोंडी भाषा आणि कोया पुनेमला देत. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते गेले. त्याच्या पुढच्या माघ पौर्णिमेला, २०१६ साली, मी कचारगडला दुसऱ्यांदा गेलो. सोबत आतेभाऊ होता. पंचवीस वर्षांत त्यानं त्या डोंगराचं नाव काढलं नव्हतं. या वेळी त्यानंच फोन केला. त्याची आठ वर्षांची मुलगी बरोबर होती.

दरेकसाच्या स्टेशनावर गाडी रिकामी झाली. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा. डोक्यावर गाठोडी, खांद्यावर पोरं, हातात सप्तरंगी झेंडे. भेटेल तो भेटेल त्याला 'जय सेवा' म्हणत होता. धनेगावात पालखीची तयारी चाललेली. ते अंगण मी शोधलं. म्हातारा केव्हाच गेला होता, घर पक्कं झालं होतं, आणि त्याच्या नातसुनेनं आम्हाला पाणी दिलं. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "तुम्ही चार होते ना?" म्हणजे त्या घरात ती गोष्ट सांगितली जात होती, आणि त्यातला आकडाही शाबूत होता.

वाटेवर इतकी माणसं की पाऊल मागच्याच्या चालीनं पडत होतं. पळसाच्या कळ्या फुगलेल्या. गुहेच्या तोंडाशी आल्यावर माझा आतेभाऊ थांबला. मुलीनं त्याचा हात सोडला आणि ती गर्दीबरोबर आत शिरली, तेव्हा तोही गेला. दालन माणसांनी भरलेलं होतं, आणि तरी भरलेलं वाटत नव्हतं. हळदीचे तांदूळ, धूप, ढोल. तिकडे कुणीतरी गोंडीत गात होतं; शब्द मला कळले नाहीत, लिंगोचं नाव तेवढं कानी पडत होतं. खडकांच्या ढिगामागच्या त्या फटीकडे मी गेलो नाही. आतेभाऊ गेला. तिच्यासमोर थोडा वेळ उभा राहिला, खडकाला तळहात लावला आणि परत आला.

बाहेर पडताना दाराशी रेटारेटी होती. आमच्या पुढे एका गावाची सात-आठ बायकांची टोळी होती, बहुधा तेलंगणातली. बाहेरच्या मोठ्या शिळेपाशी त्यांतली एक वयस्क बाई उभी राहिली आणि बाहेर येणाऱ्या आपल्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवत मोजू लागली. प्रत्येक डोक्याला एक शब्द. भाषा मला कळत नव्हती, मोजणं कळत होतं. तिची पोरं संपली, आणि त्या ओघात तिचा हात आतेभावाच्या मुलीच्याही डोक्यावर पडला. ती क्षणभर गोंधळली, हसली, आणि पुढचा आकडा म्हणाली.